एकोणसत्तर विजय आणि एक डोळा

१५ जानेवारी १९३९, रविवार. तोक्योतल्या र्‍योगोकू भागातले कोकुगिकान हे सुमोचे सभागृह खच्चून भरले होते. स्पर्धेचा चौथा दिवस. एका बाजूला फुताबायामा सादाजी हा योकोझुना, म्हणजे सुमोतला सर्वोच्च किताब मिळवलेला मल्ल. तीन वर्षे तो एकही लढत हरला नव्हता. समोर होता आकिनोउमी हा तरुण मल्ल. दोघांची ही पहिलीच गाठ. लढत सुरू झाली आणि काही क्षणांत आकिनोउमीने डाव्या पायाची आकडी फुताबायामाच्या उजव्या पायाला बाहेरून घातली. योकोझुना जमिनीवर आला. क्षणभर सभागृह गप्प झाले आणि मग बसायची गाद्या-आसने हवेत उडू लागली. रेडिओवर निवेदकाचा आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

सुमोत पाठ टेकवावी लागत नाही. गवताच्या दोरखंडाने आखलेल्या साडेचार मीटर व्यासाच्या रिंगणाबाहेर पाऊल पडले, किंवा तळव्याशिवाय अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला, की संपले. पुष्कळशा लढती अर्ध्या मिनिटाच्या आत निकालात निघतात. म्हणजे चूक सुधारायला वेळच नाही. अशा खेळात सलग ६९ विजय!

माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे आकडा दिसला की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी १९३६ च्या स्पर्धेतले शेवटचे ५ विजय, मग दोन स्पर्धांत ११ आणि ११, मग तीन स्पर्धांत प्रत्येकी १३, आणि १९३९ मधले पहिले ३. खाते जुळते. तेव्हा वर्षाला दोनच मोठ्या स्पर्धा होत. आधी ती स्पर्धा अकरा दिवसांची असे; फुताबायामाला पाहायला एवढी गर्दी लोटू लागली की १९३७ मध्ये ती तेरा दिवसांची करावी लागली आणि १९३९ च्या मे महिन्यात पंधरा. आजही ती पंधराच दिवसांची आहे.

त्याचा जन्म ९ फेब्रुवारी १९१२ चा, क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतातला. मूळ आडनाव आकियोशी. वडिलांचा जहाजी वाहतुकीचा धंदा होता. लहानपणी खेळताना उजव्या डोळ्याला इजा झाली आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलीच. पुढे बोटीवर काम करताना उजव्या हाताची करंगळी दुखावली. धंदा बुडाला आणि पंधरा वर्षांचा हा मुलगा १९२७ मध्ये तोक्योच्या तात्सुनामी या आखाड्यात दाखल झाला.

सुरुवातीला कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नव्हते. नशीब उघडले ते एका संपामुळे. जानेवारी १९३२ मध्ये देवानोउमी आखाड्याच्या बत्तीस मल्लांनी तोक्योतल्या शुंजुएन नावाच्या चिनी उपाहारगृहात ठाण मांडले. संघटनेने हिशेब उघड करावेत, मल्लांचे उत्पन्न सुधारावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. (मला तरी त्यात गैर काही दिसत नाही.) वरची फळी रिकामी झाली, म्हणून संघटनेने खालच्या श्रेणीतले मल्ल वर चढवले. त्यात जेमतेम वीस वर्षांचा फुताबायामा होता. अंगाने हलका. समोरचा रेटत रिंगणाच्या कडेला नेई, आणि अगदी शेवटच्या क्षणी हा कमरेत मागे वाकून त्यालाच बाहेर टाकी. या डावाला उत्चारी म्हणतात. जाणकार नाके मुरडत. हा काही थोरा मल्लाचा खेळ नव्हे, असे त्यांचे मत.

मग त्याच्या अंगावर मांस चढले आणि चित्र पालटले. मे १९३६ मध्ये त्याने तामानिशिकी या त्या काळच्या मातब्बर योकोझुनाला पहिल्यांदाच हरवले. त्याची एक रीत सगळ्या जपानच्या कौतुकाचा विषय होती. लढतीच्या आरंभी तो कधी थांबण्याची खूण करत नसे, घाई करत नसे. समोरच्याने झेप घ्यायची, आणि ती घेतली की याने त्याच क्षणी उठून त्याला अंगावर घ्यायचे. लोकांना त्यात मनाचा निग्रह दिसला, आणि तो होताही. पण ज्याला एकाच डोळ्याने अंतराचा अंदाज घ्यायचा आहे, त्याला अंगाला अंग भिडणे हाच भरवसा, असे मला वाटते. डोळ्याची गोष्ट त्याने निवृत्त होईपर्यंत बाहेर फुटू दिली नाही. वर्षानुवर्षे प्रतिस्पर्धी त्याच्यातले वैगुण्य शोधत होते आणि ते त्यांच्या समोरच होते!

शोध मात्र जोरात चालू होता. देवानोउमी आखाड्यात कासागियामा हा वासेदा विद्यापीठाचा पदवीधर मल्ल फुताबायामाच्या लढतींचा अभ्यास करत होता. त्याचा निष्कर्ष: उजवा पाय धरा. आकिनोउमी त्याच आखाड्याचा. शिवाय १९३८ मध्ये चीन-मांचुरियाच्या दौर्‍यात फुताबायामाला आमांशाने गाठले होते आणि त्याचे वजन बरेच उतरले होते. त्या पराभवानंतर पुढचे दोन दिवसही तो हरला. अशा वेळी माणूस सबबी सांगतो. त्याने आपल्या स्नेह्याला, यासुओका मासाहिरो या विद्वानाला, तार केली. आपण अजून लाकडी कोंबडा झालो नाही, एवढाच तिचा आशय. जुन्या चिनी कथेत झुंजीचा कोंबडा इतका शांत होतो की लाकडाचा वाटावा, आणि इतर कोंबडे त्याला पाहूनच पळतात. त्या तारेचा रोख तिकडे होता. आकिनोउमी पुढे योकोझुना झाला, पण फुताबायामाला पुन्हा कधी हरवू शकला नाही.

एकंदर बारा अजिंक्यपदे मिळवून फुताबायामा नोव्हेंबर १९४५ मध्ये निवृत्त झाला. देश पराभूत, तोक्यो जळालेले. आणि १९४७ च्या जानेवारीत बातमी आली की कानाझावा शहरात जिकोसोन नावाच्या बाईंच्या पंथावर पोलिसांची धाड पडली आणि त्यांच्या रक्षणासाठी पोलिसांशी झटापट करणारा फुताबायामा पकडला गेला. गो या पटावरच्या खेळाचा थोर खेळाडू गो सेइगेन हाही त्याच पंथात होता. चरित्रकार हा प्रसंग चटकन उरकतात. मला तो उरकावासा वाटत नाही. ज्या माणसाला सार्‍या देशाने अढळ मानले, त्यालाही युद्धानंतरच्या त्या पडझडीत कुणाचा तरी आधार हवा होता.

तो परतला. तोकित्सुकाझे या नावाने त्याने आखाडा चालवला, कागामिसातोसारखा योकोझुना घडवला, आणि १९५७ मध्ये सुमो संघटनेचा अध्यक्ष झाला. १९५८ पासून वर्षाला सहा स्पर्धा सुरू झाल्या. १९६५ पासून लढतींच्या जोड्या लावण्याची पद्धत बदलली; नात्यातल्या आखाड्यांचे मल्ल एकमेकांशी लढत नसत, ते लढू लागले. १६ डिसेंबर १९६८ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, यकृताच्या विकाराने तो गेला तेव्हा अध्यक्षपदावरच होता.

२०१० मध्ये मंगोलियातून आलेला योकोझुना हाकुहो ६३ विजयांपर्यंत पोचला. नोव्हेंबरमध्ये फुकुओकाला, म्हणजे फुताबायामाच्याच क्यूशू बेटावर, स्पर्धेच्या दुसर्‍या दिवशी किसेनोसातोने त्याला रिंगणाबाहेर काढले.