विश्लेषण : ग्रंथपाल प्रयोगशाळेपर्यंत कसा पोहोचला? रंगनाथन यांनी नेमके काय बदलले?

दरवर्षी १२ ऑगस्टला महाविद्यालयांत राष्ट्रीय ग्रंथपाल दिन साजरा होतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल पुन्हा देवघेवीच्या खिडकीमागे बसतो. खुद्द रंगनाथन यांना मात्र तो या खिडकीबाहेर, प्राध्यापक, विद्यार्थी आणि कारखान्यातील अभियंत्यांच्या सोबत हवा होता.

गणिताचा प्राध्यापक ग्रंथपाल कसा झाला?

तमिळनाडूतील शियाळी येथे १८९२ मध्ये जन्मलेले रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद भरले. त्यासाठी सुमारे ९०० अर्ज आल्याचे सांगितले जाते. ग्रंथालयात काम करण्याचा अनुभव नसलेले रंगनाथन निवडले गेले आणि काही दिवसांतच कंटाळले. वर्गात विद्यार्थी असत. इथे दिवसभर कुणाशी बोलणेही नाही. ते थेट जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि परत घेण्याची विनंती केली. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून ये, नंतरही नको वाटले तर परत ये, असा तोडगा निघाला. ते परतले नाहीत.

लंडनमध्ये काय सापडले?

युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकताना त्यांनी ब्रिटनमधील अनेक ग्रंथालये पाहिली. वाचक थेट कपाटापर्यंत जात होते, अडले तर ग्रंथपाल मदतीला येत होता. दुसरा शोध सेल्फ्रिजेस या दुकानात लागला. तिथे मेकॅनो खेळण्याचे प्रात्यक्षिक सुरू होते. त्याच पट्ट्या, चाके, नट-बोल्ट वेगवेगळ्या प्रकारे जोडून कधी एक खेळणे तयार होई, कधी दुसरे. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, हे त्यांच्या लक्षात आले.

ड्युईच्या दशांश पद्धतीत विषयांचे खण आधीच ठरलेले असतात. समजा, क्ष-किरणांनी फुप्फुसाच्या क्षयावर उपचार, त्यावर भारतात १९५० मध्ये झालेले संशोधन, असा विषय आला. तो कोणत्या खणात टाकायचा? रंगनाथन यांच्या पद्धतीत अवयव, रोग, उपचार, देश, वर्ष यांची चिन्हे स्वतंत्र असतात आणि ती विरामचिन्हांनी जोडली जातात. सुरुवातीला जोडणीसाठी द्विबिंदू, म्हणजे कोलन वापरला, म्हणून ते कोलन वर्गीकरण. १९३३ मध्ये ते छापून आले. ऑनलाइन खरेदी करताना आपण ब्रँड, किंमत, रंग असे फिल्टर लावतो, त्यामागची कल्पना हीच.

विद्यापीठात काय बदलले?

मद्रासमध्ये त्यांनी कपाटे वाचकांसाठी खुली केली आणि संदर्भसेवा सुरू केली. वाचकाला नक्की काय हवे आहे, हे अनेकदा त्यालाच नीट सांगता येत नाही. ते त्याच्याशी बोलून काढून घेणे हे ग्रंथपालाचे काम ठरले. १९३१ च्या पाच सूत्रांतही हेच आहे : पुस्तके वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय वाढत राहावे.

वीस वर्षांनंतर त्यांनी मद्रास सोडले. पुढे कुलगुरू राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तेथून दिल्ली विद्यापीठात. दिल्लीत ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण उभे राहिले.

उद्योगांशी संबंध कुठे आला?

हा भाग सहसा पोस्टरवर नसतो. स्वातंत्र्यानंतर देशात प्रयोगशाळा आणि कारखाने उभे राहत होते. कापणीचे हत्यार लवकर का झिजते, हे शोधणाऱ्या अभियंत्याला जाडजूड पुस्तक नको असते. गेल्या काही महिन्यांत जगात कुठेतरी छापलेला चार पानांचा लेख हवा असतो. तो मिळाला नाही तर तोच प्रयोग नव्याने करण्यात पैसा आणि वर्ष जाते. गरीब देशाला हे परवडणार नाही, असा रंगनाथन यांचा आग्रह होता. असे लेख हुडकून, वर्गवारी करून संशोधकाने मागण्याआधीच त्याच्यापर्यंत पोहोचवणे म्हणजे प्रलेखन.

१९५२ मध्ये दिल्लीत यासाठी इन्सडॉक ही राष्ट्रीय संस्था सुरू झाली. त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. १९६२ मध्ये बंगळुरूत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र (डीआरटीसी) उभारले. तेव्हा ते सत्तरीला आले होते. येथे अभियांत्रिकीतील एकेक विषय घेऊन त्याची खोलवर वर्गवारी तयार होई. ती नुसत्या कॅटलॉगवरून होत नाही. यंत्र कसे चालते आणि अभियंता कुठे अडतो, हे ग्रंथपालाला समजावेच लागते. येथून शिकलेले लोक संशोधन संस्था आणि कंपन्यांच्या ग्रंथालयांत गेले.

मग कोलन वर्गीकरण मागे का पडले?

कारण ते वापरायला कठीण आहे. क्रमांक लांब होतात, ते पुस्तकाच्या कण्यावर मावत नाहीत. ड्युईचे क्रमांक परदेशी ग्रंथालयांच्या नोंदींतून तयार मिळतात. कोलनचे ज्याचे त्याने बनवायचे. ड्युईमागे सतत सुधारणा करणारी यंत्रणा आहे, कोलनमागे बराच काळ एकच माणूस होता. गंमत म्हणजे, सुट्या भागांची त्यांची कल्पना परदेशातच जास्त रुजली. लंडनमध्ये १९५२ मध्ये स्थापन झालेल्या क्लासिफिकेशन रिसर्च ग्रुपने ती उचलली आणि पुढे ब्लिस वर्गीकरणाची दुसरी आवृत्ती तिच्यावरच बेतली गेली.

रंगनाथन यांना १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली, १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. त्याआधीच त्यांनी आपल्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले होते. त्यातून ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन सुरू झाले, पत्नी शारदा यांच्या नावाने. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळुरूत त्यांचे निधन झाले. कोलन वर्गीकरणाची सातवी आवृत्ती निघाली ती १९८७ मध्ये, त्यांच्यानंतर १५ वर्षांनी.