बाबा घरी बसले तेव्हा...

हातातलं काम सुटलेलं, पदरात लहान मुलं, घरातलं सामान एकेक करून विकलेलं. पुतळ्यातले आणि पुरस्कारातले दादासाहेब फाळके आपल्याला माहीत असतात. पण 1911 आणि 1912 या दोन वर्षांत त्यांच्या घरात काय चाललं होतं?

---

बाबांचा कंपनीतला ब्रेक लांबला की घरात सगळ्यात आधी काय बदलतं? आवाज. टीव्ही हळू लागतो. आई-बाबा स्वयंपाकघरात हळू बोलतात आणि तुम्ही आत गेलात की गप्प होतात. किराणावाल्याकडे तुम्हाला एकट्याला पाठवलं जातं, कारण पोराला तो उधारीबद्दल फार बोलत नाही. कसारा लोकलचा पास यंदा तीन महिन्यांचा काढायचा की एकाच महिन्याचा, यावर चर्चा होते. आसनगावच्या कारखान्यांत किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारं माणूस तुमच्या घरात असेल, तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि सगळ्यात अवघड काय असतं? मुलांना कुणी काही सांगत नाही. लहान धाकट्याला तर नाहीच नाही. त्याला फक्त एवढं कळतं की बाबा आता दुपारीही घरी असतात.

असंच एक घर शंभर वर्षांपूर्वी मुंबईत होतं. त्या घरातल्या बाबांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके.

चाळिशीत रिकामे हात

30 एप्रिल 1870 ला त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकला, मग बडोद्याच्या कलाभवनात गेला. फोटोग्राफी शिकला, छपाईची तंत्रं शिकला, जादूचे प्रयोगसुद्धा करायचा. गोध्र्यात त्याने फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगची साथ आली आणि पहिली बायको आणि मूल दोघंही गेली. पुढे 1902 मध्ये दुसरं लग्न झालं. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. या गोष्टीत त्यांचं नाव लक्षात ठेवा.

मग फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफरची नोकरी लागली. सरकारी नोकरी, म्हणजे आजच्या भाषेत सेटल! पण ते स्वदेशीचे दिवस होते. फाळक्यांनी ती नोकरी सोडली आणि लोणावळ्यात छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम ते करत. काम वाढलं तसा छापखाना दादरला आला. 1909 मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीलाही जाऊन आले. धंदा चांगला चालला होता आणि तेवढ्यातच भागीदारांशी बिनसलं. फाळके छापखान्यातून बाहेर पडले. जाताना त्यांनी स्वतःचा हिस्साही घेतला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही काही नोकरी गेली नाही, ही तर सोडली. बरोबर आहे. पण चुलीला त्यातला फरक कळत नाही. वय चाळीस, हाताला काम नाही, घरात बायको आणि लहान लहान मुलं. दोन्हीकडे हिशेब सारखाच.

मुलाने आईला सांगितलं...

या रिकाम्या दिवसांत फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गिरगावात सिनेमा पाहायला गेले. तंबूतला सिनेमा होता आणि पडद्यावर जनावरं हलत होती. घरी आल्यावर पोराने आईला सगळं सांगितलं. घरात कुणाचाच विश्वास बसेना. मग फाळके सगळ्यांनाच घेऊन गेले. या वेळी पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र होतं. ते पाहता पाहता फाळक्यांना कृष्ण आणि राम दिसायला लागले. आपल्या गोष्टी, आपली माणसं, अशी पडद्यावर का दिसू नयेत?

इथपर्यंतची गोष्ट शाळेत सांगतात. नंतरच्या महिन्यांबद्दल फारसं बोललं जात नाही.

फाळक्यांना सिनेमाने झपाटलं. ते रोज चार-पाच तास सिनेमे पाहायचे. घरी आणलेल्या छोट्याशा यंत्रावर, मेणबत्ती आणि भिंग लावून, रात्र रात्र भिंतीवर चित्रं पाडायचे. झोप नाही, कमाई नाही. घरातलं सामान विकलं जाऊ लागलं. मित्रांना वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. आणि मग डोळे गेले. अक्षरशः दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी आणि तीन-चार वेगवेगळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली.

आता या घरातल्या लहान मुलांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. काल होतं ते कपाट आज जागेवर नाही. बाबांना दिसत नाहीये. शेजारपाजारचे येता-जाता कुजबुजताहेत. अशा घरात मुलांना सांभाळणारं, वेळेवर ताट वाढणारं कुणीतरी असावं लागतं. त्या सरस्वतीबाई होत्या.

वाटाण्याचं रोप

सिनेमा शिकायचा तर लंडनला जायला हवं होतं, आणि त्यासाठी पैसे. विम्याची पॉलिसी गहाण पडली. 1 फेब्रुवारी 1912 ला फाळके बोटीत बसले. लंडनला ओळख कुणाचीच नव्हती. त्यांनी सरळ 'बायोस्कोप' नावाच्या सिनेमाच्या साप्ताहिकाचं ऑफिस गाठलं. संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका असंच समजावलं. मात्र हा माणूस हटत नाही म्हटल्यावर त्यांनीच पुढची दारं उघडून दिली. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळक्यांना सगळं काम जवळून पाहता आलं. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म, एवढ्याची खरेदी करून 1 एप्रिलला ते परत आले.

कॅमेरा आला, पण चित्रपटाला लागणारा पैसा कोण देणार? कामधंदा नसलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवतं? मग फाळक्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र बी फुटून त्याचं रोप व्हायला मिनिटभरच लागायचं. पाहणारे थक्क झाले. यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे द्यायची तयारी दाखवली. तरीही पुरेसं जमेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

जगात स्टार्टअप म्हणतात ते हेच. फक्त इथे ऑफिस आणि घर एकच होतं. दादरच्या राहत्या जागेतच कारखाना उभा राहिला. फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, तीही अंधारात, आणि ते काम सरस्वतीबाईंचं. रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, हेसुद्धा त्यांनीच. वर पोरांचं सगळं आणि कंपनीतल्या मंडळींचा स्वयंपाक! त्यांनी हे नवऱ्याचं काम म्हणून बाजूला बसून पाहिलं नाही. त्या शिकल्या. भारतातल्या पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञ स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घ्यावं लागेल. तेव्हाच्या जाहिरातींत मात्र ते नव्हतं.

वांगणीचे दगड

पहिला चित्रपट ठरला 'राजा हरिश्चंद्र'. त्या काळी सिनेमात काम करायला बायका मिळत नव्हत्या. तारामतीसाठी फाळक्यांना शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. हॉटेलात महिना 10 रुपये मिळायचे, फाळक्यांनी 15 देऊ केले. रोहिदासाचं काम मात्र अडलं. गोष्टीत तो मुलगा रानावनात भटकतो आणि मरतो. असं काम करायला आपलं पोर कोण देणार? मग फाळक्यांनी आपलंच दिलं. सात-आठ वर्षांचा भालचंद्र रोहिदास झाला.

बाहेरचं चित्रण कुठे झालं, माहितीये? आपल्याच ठाणे जिल्ह्यात, वांगणीला. मुरबाडहून बारवी धरणाच्या रस्त्याने बदलापूर गाठा, पुढचंच स्टेशन. राजेशाही कपड्यांतली, हातात लाकडी तलवारी घेतलेली माणसं पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. कॅमेरा म्हणजे काय हे प्रत्यक्ष करून दाखवलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

याच मुक्कामात भालचंद्र खेळता खेळता दगडावर पडला. डोक्याला मार लागला आणि तो बेशुद्ध झाला. मंडळींनी पोराला मुंबईला न्यायचं सुचवलं. असं सांगतात की फाळक्यांनी त्याच्यावर तिथेच उपचार केले आणि तशाच अवस्थेत रोहिदासाच्या मृत्यूचं दृश्य चित्रित करून घेतलं. काम थांबलं असतं तर पैसा संपला असता.

हा प्रसंग बरेचदा जिद्दीचा नमुना म्हणून सांगितला जातो. तुम्ही तो तसाच घ्यायला हवा असं नाही. भालचंद्र सुदैवाने बरा झाला. पण पैशाची ओढाताण चालू असते तेव्हा घरातल्या सगळ्यात लहान माणसालाही किंमत मोजावी लागते, आणि ती मोजायची की नाही हे त्याला कुणी विचारत नाही. दादासाहेब मोठेच होते. तरी त्या दिवशी वांगणीत त्यांचा निर्णय बरोबर होता का, हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

गाडी कसाऱ्यावरून गेली

3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. साधारण 3,700 फुटांचा, चार रिळांचा चित्रपट. तो चालला. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. कल्याण सोडून आसनगाव, खर्डी, कसारा आणि वर घाट, हाच तो रेल्वेमार्ग. आजही तुम्ही त्याच रुळांवरून कामाला आणि कॉलेजला जाता.

म्हणजे शेवट गोड झाला का? पूर्ण नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात पुन्हा पैशाची टंचाई आली. मग 'लंका दहन' तुफान चालला. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये लेक मंदाकिनी कृष्ण झाली. त्यानंतर पुन्हा भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले. तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. काही काळाने ते कंपनीत परतले. पण बोलपट आले आणि त्यांचा जमाना मागे पडला. 1937 चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले, तेव्हा त्यांच्याकडे ना फार पैसा होता, ना फार लोकांचं लक्ष. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो पंचवीस वर्षांनी, 1969 मध्ये.

म्हणून ही गोष्ट वाचून कुणी घरी जाऊन बाबांना सांगू नका की नोकरी गेली तर गेली, पॅशन फॉलो करा! प्रत्येक रिकाम्या हातात कॅमेरा येत नाही आणि यायलाही नको. फाळक्यांच्या हाती पंचवीस वर्षांची चित्रकला, फोटोग्राफी आणि छपाई होती. काम सुटलं, पण हे हुन्नर त्यांच्यापासून कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

या घराकडून आपण काय घ्यायचं?

* फाळक्यांच्या घरात संकट दाराआड लपवलं नाही. मुलं सिनेमाला बरोबर गेली, घरातलं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. घरी काय चाललंय हे तुम्हीही विचारा. ओरडा बसेल कदाचित, पण विचारा.
* महिन्याचा हिशेब लिहायला आई-बाबांबरोबर बसा. किराणा, पास, फी, हप्ता. आकडा कागदावर आला की भीती थोडी कमी होते.
* आईच्या कामाची मोजदाद ठेवा. बाबा घरी बसल्यावर तिचं काम कमी होत नाही, वाढतं.
* बाबांना काय काय येतं याची यादी करा. वेल्डिंग, वायरिंग, गाडी, शेती, हिशेब, काहीही. कंपनीच्या ओळखपत्राबरोबर ते परत करावं लागत नाही.
* आणि धाकट्याला सांगा. त्याला कळेल अशा शब्दांत सांगा की बाबांचं काम सध्या बंद आहे, नवं शोधणं चालू आहे आणि यात त्याची काहीच चूक नाही. ही शेवटची गोष्ट मोठी माणसं बहुतेक विसरतात. तुम्ही मधले आहात, तुम्हाला ती आठवेल.

परेश मोकाशी यांचा 2009 चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहिला नसेल तर घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहा. हसायला येईल भरपूर. पण पाहताना एक नजर सरस्वतीबाईंवर आणि एक त्या पोरांवर असू द्या.