एक खोली, तीन शिपाई अन् तुपाचे थेंब... प्लेगची लस मुंबईत अशी बनली!

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे ही साथ रेल्वेमार्गाने पसरत गेली. पुणे, सातारा, मिरज, बेळगाव हा पट्टाही सुटला नाही. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी याच साथीत निधन झाले. या प्लेगवर लस शोधणारे शास्त्रज्ञ होते वाल्देमार हाफकिन.

कोण होते हाफकिन?

जन्म १८६० चा, ओडेसाचा. ज्यू असल्याने रशियात संशोधनाची दारे बंद झाली, म्हणून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे सुरुवातीला काम मिळाले ते ग्रंथालयात! १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

प्रयोगशाळा कशी होती?

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्रशिक्षित माणूस एकही नाही.

लस बनवायची तर आधी प्लेगचे जंतू भरपूर वाढवायला हवेत. त्यासाठी मांसाचा रस्सा लागतो. गाय किंवा डुकराचे मांस वापरले असते तर लस कोणी टोचून घेतली नसती. म्हणून बोकडाचे मांस आले. तेही आम्लात विरघळवून, मग आम्लाचा जोर मारून.

खरी युक्ती पुढे आहे. या रश्श्यावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतूंना हवेजवळ चिकटायला आधार मिळाला आणि ते तुपाखाली लोंबकळत, गुहेतल्या चुनखडीच्या झुंबरांसारखे वाढू लागले. फ्लास्क हलवला की झुंबरे तळाशी पडत आणि वर नवे पीक येई. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नव्हते. अट एकच, मधल्या काळात फ्लास्कला धक्का लागता कामा नये. काही आठवड्यांनी हे द्रव ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून जंतू मारले जात आणि त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळा तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. पुढच्या वर्षी मिरजेवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या टापूतल्या धारवाड, हुबळीत हजारोंनी लस घेतली.

मग वाद कशाचा?

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. प्रत्यक्षात बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. ही बाब नोंदीत असूनही निर्दोषत्व मान्य व्हायला १९०७ उजाडले. तेही रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी आवाज उठवल्यावर! पुन्हा नेमणूक मिळाली ती कोलकात्यात. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये १८९९ पासून चालणाऱ्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते हयात होते, पण युरोपात. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.