सर फ्रेड हॉईल आणि हेलियमचा हिशेब

कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांमुळे फ्रेड हॉईल हे नाव मराठी घरांत पोहोचले. शिष्याच्या नावाने गुरूची ओळख व्हावी, हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते. हॉईल यांना जाऊन आता दोन तपे उलटली. तरी त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण ग्रंथप्रेमी वाचकांनी आवर्जून जाणून घ्यावे असे आहे.

२४ जून १९१५ रोजी यॉर्कशायरमधील बिंगलीजवळ त्यांचा जन्म झाला. शिक्षण केंब्रिजला. १९४८ साली बाँडी, गोल्ड व हॉईल यांनी स्थिर विश्वाचा सिद्धान्त मांडला : विश्वाला आरंभ नाही, अंत नाही. पुढल्याच वर्षी नभोवाणीवर बोलताना प्रतिपक्षाच्या कल्पनेला त्यांनी 'बिग बँग' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले!

गॅमॉव्ह यांच्या मते सारी मूलद्रव्ये आरंभीच्या प्रचंड उष्णतेत शिजली. परंतु पाच किंवा आठ कणांचा स्थिर अणुगर्भ निसर्गात नाही. शिडीच्या पायऱ्याच तिथे तुटलेल्या. कार्बनपासून पुढची बहुतेक मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात घडतात, हे १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर व हॉईल यांनी दाखवून दिले.

उरला हेलियम. १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी शास्त्रज्ञ आपल्या शेजारच्या गुंटूरला उतरले होते. त्याच वर्षी सूर्यप्रकाशातील पिवळ्या रेषेवरून या वायूचा माग लागला. विश्वातील सामान्य द्रव्यात, वस्तुमानाने, तो सुमारे २५ टक्के भरतो. एवढा हेलियम ताऱ्यांच्या भट्टीतून निघणे शक्य नव्हते. उष्ण आरंभ मानला, तर मात्र पहिल्या काही मिनिटांत दर १४ प्रोटॉनांमागे २ न्यूट्रॉन उरतात; ते दोन प्रोटॉनांशी जुळून हेलियमचा एक अणुगर्भ बनतो, म्हणजे सोळांत चार, पाव हिस्सा. १९६४ साली रॉजर टेलर यांच्यासह हॉईल यांनीच हा हिशेब तपशिलाने केला. एवढा हेलियम अतिउष्ण, दाट अवस्थेतूनच यावा, मग ती विश्वारंभीची असो वा महाकाय पिंडांतली, असा निष्कर्ष त्यांनी छापला. १९६७ साली वॅगनर व फाउलर यांच्यासमवेत ड्यूटेरियम आणि लिथियमचीही गणिते मांडली. प्रतिपक्षाच्या हाती इतके भक्कम शस्त्र स्वतः घडवून देणारा दुसरा सेनापती मला तरी ठाऊक नाही.

मत मात्र त्यांनी बदलले नाही. हट्टी म्हणावे तर म्हणावे; १९९३ साली जेफ्री बर्बिज व नारळीकरांसह त्यांनी स्थिर विश्वाची सुधारित आवृत्ती पुढे आणली. १९७२ मध्ये केंब्रिज सोडले. १९८३ चे नोबेल चंद्रशेखर व फाउलर यांना मिळाले. हॉईल वगळले गेले, ही रुखरुख अनेकांना लागली. विज्ञानप्रसाराचे कलिंग पारितोषिक १९६७ साली त्यांना आणि १९९६ साली त्यांच्या मराठी शिष्याला लाभले. २० ऑगस्ट २००१ रोजी हॉईल निवर्तले. त्यांच्या हिशेबातील हेलियम निरीक्षणांशी उत्तम जुळतो; लिथियम मात्र जुन्या ताऱ्यांत गणितापेक्षा सुमारे तिपटीने कमी आढळतो, आणि ते कोडे सुटायचे आहे.