पतंगवाल्या फ्रँकलिनचा घाम

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की माझ्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात एकच चित्र असायचं : वीज, पतंग आणि चावी. त्यांची दुसरी ओळख मला हॉस्टेलच्या उन्हाळ्याने करून दिली.

१७०६ साली बोस्टनमध्ये साबण-मेणबत्त्या बनवणाऱ्याच्या घरी ते जन्मले. १७ भावंडांत १५वे. शाळा जेमतेम दोन वर्षं. १२व्या वर्षी भावाच्या छापखान्यात उमेदवारी, १७व्या वर्षी घरातून पळून थेट फिलाडेल्फिया! ४२व्या वर्षी चांगला चाललेला छापखाना भागीदारावर सोपवून ते प्रयोगांच्या मागे लागले.

जून १७५० मधल्या एका रविवारी सावलीतही १०० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअस तापमान होतं. घामाने भिजलेल्या शर्टात, उघड्या खिडक्यांच्या वाऱ्यात बसलेल्या फ्रँकलिनना जाणवलं, की आपलं अंग हवेएवढं तापत नाहीये. पुढे पेनसिल्व्हानियाचे प्रतिनिधी म्हणून ते इंग्लंडला गेले. तिथे १७५८ साली केंब्रिजमध्ये जॉन हॅडली यांच्यासोबत त्यांनी थर्मामीटरचा बल्ब ईथरने पुन्हापुन्हा ओला केला आणि भात्याने वारा घातला. पारा ६५ वरून ७ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे १४ सेल्सिअसवर आला. बल्बवर चक्क बर्फ!

द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो ज्याला चिकटलाय त्याच्याकडूनच ओढून घेतो. १ ग्रॅम घाम उडताना अंगातून सुमारे २४०० ज्यूल घेऊन जातो. माठ आणि कूलर याच तत्त्वावर चालतात. दमट हवेत पाणी नीट उडत नाही, म्हणून नागपुरात पावणारा कूलर मुंबईत रुसतो.

फ्रँकलिननी शेतात कापणी करणारे मजूरही पाहिले होते. घाम येत राहावा म्हणून ते पाण्यात रम मिसळून पीत. (रेक्टर सर, आपल्याला ताकच बरं!) घाम थांबला की ते कोसळत, कधी मरतही.

हे मी वाचलं, पण उशिरा. गेल्या मे महिन्यात भरदुपारच्या मॅचमध्ये माझा रूममेट बडबडायला लागला. अंग तापलेलं, पण कोरडं. घाम नाही म्हणजे ठीक असेल, असं मी समजलो. मेसच्या काकांनी मात्र त्याला सावलीत ओढलं, अंगावर बादली ओतली, पुठ्ठ्याने वारा घातला आणि दवाखान्यात पिटाळलं. तो वाचला. लेटंट हीटचे मार्क्स मला मिळाले होते, पण विषय काकांना कळला होता.

फ्रँकलिन १७९० साली गेले. आता घामाने शर्ट पाठीला चिकटला, की मी कुरकुर करत नाही. पाण्याची बाटली मात्र भरून ठेवतो, दोन माणसांची.