काँग्रेस स्थापन करणाऱ्या ह्यूम यांनी आपल्या समुद्रातल्या दोन पक्ष्यांची ओळख जगाला करून दिली होती

पावसाळ्यात माणिकपूरहून वसईच्या किनाऱ्यावर गेलात आणि वाळूत दमून बसलेला एखादा अनोळखी पक्षी दिसला, तर तो खोल समुद्रातला असू शकतो. वादळात भरकटलेले असे पक्षी पालघर-मुंबईच्या किनाऱ्यावर अधूनमधून येऊन पडतात.

अरबी समुद्रातल्या अशा दोन पक्ष्यांची पहिली शास्त्रीय नोंद करणारा माणूस आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, १८८५ साली मुंबईत काँग्रेस स्थापन करणारे.

१८२९ साली जन्मलेले ह्यूम १८५७ च्या उठावावेळी इटावाचे कलेक्टर होते. पुढे ते महसूल, शेती आणि व्यापार खात्याचे सचिव झाले. नोकरी सरकारची, पण वेड पक्ष्यांचं. त्यासाठी त्यांनी स्वतःचं नियतकालिकही काढलं.

ग्वादर आणि मस्कतच्या मधल्या समुद्रात त्यांना लाटांना घासून उडणारा एक पक्षी मिळाला. १८७२ साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं. तो पर्शियन शिअरवॉटर. १८७५ मध्ये ते जहाजाने लक्षद्वीपकडे गेले. १८७७ मध्ये त्यांनी सॉन्डर्सच्या सुरयाची नोंद केली.

त्या काळी पक्ष्याची नोंद करायची म्हणजे त्याला बंदुकीने मारायचं, हीच रीत होती. ह्यूम यांच्या शिमल्याच्या घरात सुमारे ८२ हजार नमुने जमले.

आणि मग घात झाला. भारतातल्या पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाची त्यांची हस्तलिखितं एका नोकराने रद्दीत विकून टाकली. अनेक वर्षांची मेहनत गेली. ह्यूम यांचं मन उडालं. त्यांनी सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तोवर ते शाकाहारी झाले होते आणि पक्षी मारणंही त्यांनी सोडलं होतं. १९१२ साली लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

आज समुद्री पक्ष्यांना मोठा धोका आहे तो मासेमारीचा. गळाला लावलेलं आमिष खायला पक्षी झेपावतात, अडकतात आणि गळाबरोबर बुडतात. पाण्यात पडद्यासारख्या उभ्या राहणाऱ्या गिलनेटमध्येही बुडी मारणारे पक्षी गुंततात. जगभरात लांब दोरीच्या गळांवर वर्षाला किमान १ लाख ६० हजार आणि गिलनेटमध्ये किमान ४ लाख पक्षी मरतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शिअरवॉटर वर्षाला एकच अंडं घालतो, त्यामुळे गेलेला पक्षी लवकर भरून निघत नाही.

उपाय मात्र साधे आहेत. बोटीमागे फडफडणाऱ्या रंगीत फिती लावायच्या, गळ लवकर बुडावा म्हणून वजन बांधायचं, गळ रात्री टाकायचे. नामिबियात २०१५ पासून फिती बंधनकारक झाल्या आणि समुद्रतळाशी सोडलेल्या गळांवरचे पक्ष्यांचे मृत्यू तब्बल ९८ टक्क्यांनी घटले. तिथे आधी मेलेले पक्षी मोजले गेले, म्हणून हा फरक कळला.

ह्यूम यांना नोंदीसाठी बंदूक लागली. आज पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या बोटीवरच्या कोळी बांधवांना मोबाइलचा एक फोटो पुरेसा आहे. आणि किनाऱ्यावर दमलेला पक्षी दिसला तर त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.