बालबृहस्पती बाळशास्त्री

कोकणात देवगड तालुक्यात पोंभुर्ले नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी १८१२ साली बाळशास्त्री जांभेकर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गंगाधरशास्त्री हे संस्कृत विद्येत निष्णात असून पुराण सांगण्याबद्दल त्यांची ख्याती होती. आईचे नाव सगुणाबाई.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. बाळ सहा वर्षांचा होत असतानाच, १८१८ च्या पहिल्या दिवशी, आमच्या तळेगाव ढमढेऱ्यापासून थोड्याच कोसांवर भीमेकाठी कोरेगावास लढाई झाली आणि त्याच वर्षी पेशवाई संपुष्टात आली. राज्य बदलले, तरी गावोगावच्या पंतोजींच्या शाळा पूर्वीच्याच रीतीने चालू होत्या. धुळीवर अक्षरे गिरवावीत, मोडीचे वळण बसवावे, पाढे आणि पावकी-निमकी तोंडपाठ करावी, एवढ्यावर बहुतेक मुलांचे शिक्षण आटोपत असे. मराठी छापील पुस्तक अशा गावातील मुलाच्या हाती पडण्याचा संभव जवळजवळ नव्हताच. ग्रंथ म्हणजे हाताने लिहिलेली पोथी. ती तांबड्या बासनात बांधून देवघराजवळ जपून ठेवलेली असे आणि सोवळ्याओवळ्याचा विचार करूनच सोडली जाई. तेव्हा बुद्धिमान मुलाने वाचावे तरी काय, हा प्रश्न तेव्हाच्या पालकांपुढे आजच्यापेक्षा पुष्कळच बिकट होता.

बाळच्या बाबतीत हा प्रश्न वडिलांनी स्वतःच सोडविला. त्यांनी घरीच त्याला मराठी व संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. मुलाची ग्रहणशक्ती विलक्षण होती. एकदा ऐकलेले सहसा विसरायचे नाही, असा त्याचा लौकिक झाला आणि लोक कौतुकाने त्याला बालबृहस्पती म्हणू लागले. असे कौतुक पुष्कळ मुलांच्या वाट्याला येते. पाहुण्यांपुढे श्लोक म्हणून दाखविणारी, मोठमोठे गुणाकार तोंडी करणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण शाबासकी मिळाली की ती तिथेच थांबतात, कारण पुढे काय वाचावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पाठांतर ही बुद्धीची नुसती कोठी होय. त्या कोठीतील धान्य दळून भाकरी करावयाची, तर आणखी निराळी खटपट करावी लागते. बाळशास्त्र्यांना ती संधी मिळाली मुंबईत.

१८२५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ते मुंबईस आले. म्हणजे आज हा पाठ वाचणाऱ्या मुलांच्याच वयाचे ते होते. सदाशिव काशीनाथ छत्रे ऊर्फ बापू छत्रे यांच्याजवळ ते इंग्रजी शिकू लागले आणि बापूशास्त्री शुक्ल यांच्याजवळ त्यांचा संस्कृतचा अभ्यास सुरू राहिला. बापू छत्रे हे नाव आज फारसे कोणाच्या ओठी नसते. वास्तविक मराठी मुलांनी त्यांचे ऋण विशेष मानावयास हवे. मुंबईत मराठी व गुजराती शाळांसाठी पुस्तके तयार करणारी एक मंडळी स्थापन झाली होती. तिच्या कामात छत्र्यांचा मोठा वाटा होता. १८२८ साली त्यांची ‘इसपनीति’ व ‘बाळमित्र’ ही पुस्तके प्रसिद्ध झाली. ‘बाळमित्र’ हे मूळचे बर्क्विन नावाच्या फ्रेंच ग्रंथकाराचे. ते फ्रेंचमधून इंग्रजीत गेले आणि इंग्रजीतून मराठीत आले. कोल्हा, सिंह, कावळा यांच्या गोष्टी आपल्याकडे आजीच्या तोंडी होत्याच. मुलांनी स्वतः उघडून वाचावे असे छापील पुस्तक मात्र नवीन होते. हे काम चालू असताना बाळशास्त्री त्याच मंडळीत वावरत होते. मुलांसाठी लिहिणे हे विद्वानास कमीपणा आणणारे काम नव्हे, हे त्यांना गुरूच्या उदाहरणावरूनच उमगले असावे.

मुंबईत त्यांची प्रगती फार झपाट्याने झाली. इंग्रजी व गणित यांवर त्यांनी लवकरच प्रभुत्व मिळविले. गुजराती, बंगाली, फारसी, लॅटिन, फ्रेंच अशा अनेक भाषा ते हळूहळू शिकले. १८३२ साली त्याच शैक्षणिक मंडळीच्या चिटणीसपदी त्यांची नेमणूक झाली. पुढे काही काळ ते अक्कलकोटच्या युवराजांचे शिक्षक होते. १८३४ साली एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांची साहाय्यक प्राध्यापक म्हणून निवड झाली. गणित व शास्त्र शिकविणाऱ्या ऑर्लेबार या इंग्रज प्राध्यापकांबरोबर त्यांनी तेथे काम केले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. असे पद मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

येथून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे काम सुरू झाले, असे मला वाटते. आपण जे शिकलो ते आपल्यापाशीच राहू नये, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मराठीत पुस्तके लिहिण्याचा सपाटा लावला. ‘नीतिकथा’, ‘सारसंग्रह’, ‘बाळव्याकरण’, ‘भूगोलविद्या’, ‘इंग्लंड देशाची बखर’, ‘हिंदुस्थानचा इतिहास’ या नावांवरूनच त्यांचा आवाका ध्यानात येईल. ही पुस्तके लिहिणे म्हणजे नुसते भाषांतर नव्हे. आज भूगोलाच्या पुस्तकात शेकडो शब्द तयार मिळतात. त्या वेळी अशा शब्दांपैकी पुष्कळ नव्याने घडवावे लागत किंवा संस्कृतातून शोधून काढून त्यांना नवा अर्थ द्यावा लागे. शब्द फार अवघड झाला तर मुलास कळत नाही. फार सैल झाला तर शास्त्राचा अर्थ निसटतो.

उच्च गणितावर त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाचेच उदाहरण पाहा. त्यास त्यांनी ‘शून्यलब्धि’ हे नाव दिले. झाडावरून खाली पडणाऱ्या फळाचा वेग क्षणाक्षणाला वाढत असतो. एका नेमक्या क्षणी तो किती, हे काढावयाचे असेल तर दोन क्षणांमधील अंतर लहान, आणखी लहान करीत जवळजवळ शून्यापर्यंत न्यावे लागते. हे गणित युरोपात न्यूटन व लायब्निट्स यांनी सतराव्या शतकात उभे केले. ते मराठीतून शिकता यावे, म्हणून पोंभुर्ल्याच्या या पंडिताने त्यास मराठी नाव दिले. जो विद्यार्थी वर्गाच्या पुढे धावतो त्याला मागे ओढू नये, त्याच्यासाठी पुढची पायरी बांधून ठेवावी, ही दृष्टी त्या काळी फार थोड्यांना होती.

पण वाचक केवळ शाळेतच नसतात. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र सुरू केले. एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर अशी त्याची मांडणी असे. प्रारंभी ते पाक्षिक होते व काही महिन्यांतच साप्ताहिक झाले. संपादक वयाने अवघे विशीचे होते. १८४० पर्यंत ते चालले आणि त्याच वर्षी बाळशास्त्र्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. त्यात भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान अशा विषयांवर लेख येत. घरी बसून ज्ञान वाढवू इच्छिणाऱ्या तरुणास ते मासिक म्हणजे एक फिरती शाळाच होती.

ज्ञान पुस्तकात राहते तोवर कोणी रागावत नाही. ते आचरणात येऊ लागले की मात्र कसोटी लागते. बाळशास्त्र्यांवर तो प्रसंग १८४३ साली आला. नारायण व श्रीपत शेषाद्री असे दोन भाऊ मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळेत शिकत होते. थोरल्या नारायणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धाकटा श्रीपत सुमारे बारा वर्षांचा होता. तो भावापाशी मिशनऱ्यांच्या घरी राहिला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि मुलगा अज्ञान असल्याने कोर्टाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. मुलगा घरी आला, पण जातीचे दार बंद झाले. परधर्मीयांच्या घरी जेवलेल्या मुलास परत घेता येणार नाही, असे सनातनी मंडळींनी ठरविले.

बाळशास्त्री स्वतः शास्त्री घराण्यातले. त्यांनी स्वस्थ राहणे अगदी सोपे होते. परंतु अजाण वयात घडलेल्या गोष्टीबद्दल एका मुलाला जन्मभर आईबापांच्या घराबाहेर ठेवणे त्यांना पटेना. प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे, असे त्यांनी शास्त्राधारे मांडले आणि त्यासाठी खटपट केली. तेव्हा रोष त्यांच्यावरच उलटला. बहिष्काराची तलवार त्यांच्या डोक्यावर टांगली गेली. त्या काळी बहिष्कार म्हणजे पंगत बंद, सोयरीक बंद आणि धर्मकृत्यांना भटजी मिळणे बंद. तरीही त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. विधवाविवाहाच्या बाबतीतही त्यांनी हाच मार्ग धरला होता. गंगाधरशास्त्री फडके यांच्याकडून त्यांनी त्याविषयी शास्त्रार्थाचा ग्रंथ लिहवून घेतला. जुन्या पोथ्या पाठ असलेल्या मुलाने त्या पोथ्यांचा उपयोग असा केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढील दोन-तीन वर्षांत त्यांच्यावर कामांचा भार वाढतच गेला. कुलाब्याच्या वेधशाळेचे काम त्यांनी काही काळ पाहिले. १८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी निघालेल्या अध्यापकवर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून प्रसिद्ध केली. शतकानुशतके हस्तलिखितांत असलेला तो ग्रंथ अशा रीतीने छापील रूपात आला. प्राचीन ताम्रपट व शिलालेख वाचण्याचाही त्यांना नाद होता आणि त्यांवरील त्यांचे निबंध एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १८४६ च्या उन्हाळ्यात अशाच एका शिलालेखाच्या अभ्यासासाठी ते प्रवासास गेले असता आजारी पडले. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. १८ मे १८४६ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांत दादाभाई नौरोजी नावाचा एक पारशी मुलगा होता. बाळशास्त्र्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आतच तो त्याच एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला.